जुनी गाडी घ्यायच्या आधी इंजिन इथे दाखवून घ्या (सातपूर, नाशिक)

आयटीआय सिग्नलवरून एमआयडीसीत आत गेलं की हे पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज आहे, बोर्ड धड नाहीये, बाहेर दोन-तीन फियाट आणि एखादी विलीज जीप उभी दिसली की समजायचं पोचलो.

मला 1971 ची फियाट 1100 डिलाइट घ्यायची होती. गाडीचा मालक म्हणे कंपनी इंजिन आहे, म्हणजे मूळचंच, आणि आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर खरंच एकच होता, बहुतेक लोक एवढ्यावरच व्यवहार करून टाकतात. पण मला ती विंटेज म्हणून रजिस्टर करायची होती, 2021 च्या नियमात पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं होऊन गेलेली पाहिजेत आणि इंजिन, चेसिस, बॉडी मूळची पाहिजे तरच व्हीए सिरीजचा, म्हणजे विंटेज गाड्यांचा वेगळा नंबर मिळतो, फीच 20,000 आहे, मग नुसत्या शब्दावर कसं जाणार.

मिस्त्री काकांनी गाडी चालूच केली नाही. आधी रॉकेलमधे भिजवलेल्या कापडाने नंबरची जागा हळूहळू पुसली, वायर ब्रश अजिबात नाही, ब्रशने जुन्या खुणा जातात म्हणाले. मग टॉर्च आडवा धरला आणि मलाच बघायला लावलं. कडेला मशीनच्या बारीक सरळ रेघा एकाच दिशेने गेलेल्या, आणि आकड्यांच्या खाली मात्र त्या गायब, तिथे गोल गोल घासल्यासारखं, बोट फिरवलं तर जागा किंचित खोल लागते. आकडे तिरके आहेत एवढ्यावरून ते काही ठरवत नाहीत, हाताने पंच मारला की तेवढं होतंच. "भाऊ, नंबर जुळतोय, पण हा घासून परत पाडलाय."

तेवढ्यावर थांबले नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. डॅशबोर्डखाली बुजवलेलं एक भोक दाखवलं, डिझेलच्या हीटर स्विचचं (थंड इंजिन चालू करायच्या आधी तापवायचा स्विच), आणि टाकीला दाबून बंद केलेली रिटर्न लाइन, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी. म्हणजे मधे कधीतरी गाडीत डिझेल इंजिन टाकलं होतं (एकेकाळी किती गाड्यांचं असं झालंय) आणि आता जुन्या गाड्यांना भाव आल्यावर दुसऱ्याच गाडीचं 1089 सीसी पेट्रोल इंजिन आणून बसवलं.

इंजिन बदलून आरसीवर रीतसर नोंद केली असेल तर रोज चालवायला काही हरकत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. पण नंबर घासलेला म्हणजे ब्लॉक कुठून आला कोणास ठाऊक, चोरीचा निघाला तर चौकीत खेटे आपणच घालायचे. मी व्यवहार सोडला.

1500 रुपये घेतले, वर्थ आहे. रिपोर्ट लिहून देत नाहीत ही एक मोठी कमी, निदान एका कागदावर तरी द्यायला पाहिजे, तोपर्यंत फोटो आपले आपण काढून घ्या, नाही म्हणत नाहीत. फोन पण पटकन उचलत नाहीत. अँबेसेडरवाल्यांनी तर नक्की जा, जुन्या 1489 सीसी इंजिनच्या जागी नंतरचं इसुझू कंपनीचं इंजिन टाकलेल्या बऱ्याच गाड्या फिरतायत आणि विकणारा ते सांगेलच असं नाही.

जाताना आरसी ओरिजिनल न्या, झेरॉक्स चालत नाही त्यांना, आणि सकाळी लवकर जा कारण इंजिन थंड असल्याशिवाय ते हात लावत नाहीत.