फोटोवर पोत चढवताना : गिंप ३.० कित्येक महिने वापरल्यावर

गिंप या फोटो संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५मध्ये आली. त्या पावसाळ्यापासून माझं टेक्श्चरचं, म्हणजे फोटोवर पोत चढवण्याचं, सगळं काम त्यावरच चालू आहे आणि आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल इतका वापर झाला आहे. काम ऐकायला सोपं आहे. आपला फोटो खाली, त्यावर दुसऱ्या लेयरवर, म्हणजे वरच्या थरावर, चुन्याच्या भिंतीचा, हातकागदाचा नाहीतर गंजलेल्या पत्र्याचा फोटो, आणि दोन्ही असे मिसळायचे की फोटोला चित्राचा पोत यावा.

निकाल आधीच सांगते. या कामासाठी गिंप पुरेसं आहे, एक रुपयाही भरायची गरज नाही. पण फोटो चित्रासारखा दिसतो की नुसता मळकट, हे सॉफ्टवेअरवर कमी आणि टेक्श्चर कुठून आणलं यावर जास्त ठरतं.

नेटवर मिळणारे तयार संच सरावाला ठीक आहेत. पण तोच तडकलेला रंग, तेच ओरखडे, कडेला तोच तपकिरी डाग असंख्य फोटोंवर दिसतो. कोकणातल्या कौलारू घरावर कुठल्याशा परक्या भिंतीचे पोपडे चढले की ते खटकतंच. आपल्याकडे काय कमी आहे? जांभा दगड, सारवलेलं अंगण, गोणपाट, काळा पाषाण, जुन्या वाड्याचा पापुद्रे सुटलेला चुना. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासून हातकागदाची संस्था आहे. असा एखादा जाड हातकागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की त्यातले लगद्याचे धागे इतके सुंदर उठून येतात की विकतचा कुठलाही संच त्यापुढे फिका पडतो.

भिंतीचं टेक्श्चर टिपताना मी दोन गोष्टी पाळते. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, म्हणजे चारही कोपरे सारखे शार्प येतात. आणि उजेड बाजूने यायला हवा, सकाळचा किंवा उतरत्या उन्हाचा. उजेड समोरून पडला की भिंत सपाट दिसते, तिचा खडबडीतपणा फोटोत येतच नाही.

आता एक फोटो सविस्तर सांगते, कारण गिंप ३चा खरा फायदा त्यातच कळेल. वाईचा कृष्णाकाठचा घाट, हिवाळ्यातलं धुकं, पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या एक आजी. त्यावर चढवायला त्याच भागातल्या एका वाड्याची चुन्याची भिंत. ‘ओपन ॲज लेयर्स’ने भिंत वर घेतली आणि पहिल्यांदा तिचा रंग काढून टाकला, कारण चुन्याचा पिवळेपणा धुक्यात उतरला तर सगळं चित्र आजारी दिसतं. मग ‘हाय पास’ फिल्टर. भिंतीचा एक कोपरा उजळ आणि दुसरा काळपट असतोच. हाय पास तो मोठा चढउतार काढून टाकतो आणि करड्या पार्श्वभूमीवर फक्त भेगा, खड्डे, रवाळपणा शिल्लक ठेवतो. हा लेयर ‘सॉफ्ट लाइट’ मोडवर (मोड म्हणजे वरचा लेयर खालच्यात मिसळायची पद्धत) टाकला की मधला करडा रंग फोटोला अजिबात हात लावत नाही. त्याहून उजळ ठिपके फोटो उजळवतात, गडद भेगा तो गडद करतात. धुक्याचा उजेड जसाच्या तसा राहतो, फक्त त्याला अंग येतं.

३.०मध्ये हा फिल्टर लेयरवर जिवंत राहतो. लेयरच्या ओळीतल्या ‘एफएक्स’वर क्लिक करून आकडा नंतरही बदलता येतो. आधीच्या आवृत्त्यांमध्ये फिल्टर एकदा लावला की पक्का. बदलायचा तर मागे जाऊन पुन्हा सगळं करा. टेक्श्चरच्या कामात हे फार मोलाचं आहे, कारण रवा किती जाड हवा हे मास्क करून झाल्याशिवाय नीट ठरतच नाही. मास्क म्हणजे लेयरवरचा पडदा: त्यावर काळं रंगवलं की तिथला पोत लपतो, पांढरं ठेवलं की दिसतो.

मास्कवर मी सर्वात जास्त वेळ घालवते. चेहऱ्यावर भेगा नकोत हे उघड आहे, पण म्हणून मास्कवर पूर्ण काळा ब्रश फिरवला तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गडद करडा रंग आणि मऊ कडेचा ब्रश घेऊन पोत थोडासा मागे ठेवायचा. आजींच्या गालावर, हाताच्या शिरांवर तो हलकासा राहिला तेव्हा त्या घाटाच्या दगडातूनच घडल्यासारख्या वाटायला लागल्या. त्या फोटोवर माझा जीव आहे.

उजेडाची दिशाही बघायला हवी. फोटोत ऊन डावीकडून आणि भिंतीवर उजवीकडून असेल तर उंचवटे खड्ड्यांसारखे भासतात. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्र पटत नाही. अशा वेळी टेक्श्चरचा लेयर आडवा फ्लिप करायचा, एका क्लिकचं काम आहे.

बाकीच्या मोडपैकी रोज लागतात ते दोनच. ‘मल्टिप्लाय’मध्ये टेक्श्चरमधला पांढरा भाग नाहीसा होतो आणि बाकी सगळं गडद होतं, म्हणून कागद आणि शाईचे डाग यांना तो चांगला. ‘स्क्रीन’ त्याच्या उलट, काळं नाहीसं होतं. काळ्या कापडावर टिपलेली धूळ किंवा पाण्याचे थेंब त्याने घालता येतात.

उणिवाही आहेत. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, गिंप स्वतः उघडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे दुसरं सॉफ्टवेअर सोबत टाकावं लागतं. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांमध्ये, थेट काम करता येत नाही. आणि मेमरी भरपूर लागते: २४ मेगापिक्सेलचा एक लेयर ८ बिटमध्ये (बिट जितके जास्त तितक्या रंगछटा बारीक) साधारण ९६ एमबी होतो, ३२ बिटमध्ये त्याच्या चौपट. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पाच-सहा लेयर झाले की ब्रश मागे मागे राहतो. मी म्हणून ८ बिटमध्येच काम करते, फक्त धुकं आणि आकाश असेल तर १६. नाहीतर हलक्या छटांमध्ये पट्टे दिसतात.

ज्यांना फोनवरच करायचं आहे त्यांनी स्नॅपसीड या ॲपमधलं ‘डबल एक्स्पोजर’ वापरून बघावं. त्यात आपणच टिपलेली भिंत फोटोवर घालता येते. मास्कवर गिंपइतका ताबा मिळत नाही, पण सवय व्हायला उत्तम.

छपाईचं शेवटी सांगते, कारण तिथे बरंच काम वाया जाऊ शकतं. २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला साधारण १३ बाय २० इंच छापता येते, पण पोत किती दिसेल ते पडद्यावर १०० टक्के झूमवर बघूनच ठरवावं, छोट्या आकारात बघून नव्हे. मल्टिप्लाय वापरला असेल तर सावल्या थोड्या उजळून पाठवाव्यात, मॅट (चकाकी नसलेल्या) कागदावर त्या आणखी गडद दिसतात. आणि कॅनव्हासवर छापणार असाल तर फाइलवर कॅनव्हासचं टेक्श्चर मुळीच घालू नका. कापडाची स्वतःची वीण असते, दोन विणी एकमेकींवर आल्या की नको ते पट्टे उमटतात. कॅनव्हासला चुना किंवा दगड द्या, आणि हातकागदाचा पोत गुळगुळीत मॅट कागदासाठी ठेवा.