वीस रुपयांची झडप: राजपुरीच्या खाडीत कयाक आणि जिवंत आमिषाचा डबा वापरल्यानंतरचा अनुभव

डब्याचा पंप बिघडल्याची तक्रार केल्यावर कंपनीकडून आलेल्या शेवटच्या उत्तरात ‘सदर उत्पादन खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे हमी लागू होत नाही’ असे लिहिले आहे. ज्या खोक्यातून हा डबा घरी आला त्यावर निळा समुद्र, त्यात एक नाव आणि नावेत हसणारा माणूस छापलेला आहे. तो माणूस गोड्या पाण्यात गळ टाकून बसला असावा असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. गेल्या दसऱ्यापासून वापरात असलेली कयाक आणि तिच्यासोबत घेतलेला जिवंत आमिषाचा डबा (गळाला लावायची कोळंबी यात जिवंत ठेवतात) या दोन्हींबद्दल लिहायचे होते, परंतु कयाकबद्दल एक परिच्छेद पुरेल आणि उरलेली जागा डब्याचा पंप खाणार आहे. ज्यांना केवळ कयाकमध्ये रस आहे त्यांनी पुढचा परिच्छेद वाचून थांबावे.

कयाक वल्ह्याची आहे, पेडलची नाही, आणि वर बसायच्या प्रकारातली आहे. लांबी-रुंदीचे आकडे इथे देत नाही. कालवांनी भरलेल्या खडपांवर ती अनेकदा घासली, तळाला हाताला लागतील असे ओरखडे पडले, पण पॉलिथिलीनला अजून कुठे चीर गेलेली नाही. खुर्ची चांगली आहे. पाणी निथळण्याच्या भोकांना बुचे लावली नाहीत तर बसल्याबरोबर बूड ओले होते, आणि ही बुचे सोबत मिळत नाहीत, हा कंजूषपणा ध्यानात ठेवावा. नांगराची दोरी टोकापासून टोकापर्यंत सरकवण्याची कप्पीही वेगळी घ्यावी लागते. मात्र ओढ असलेल्या खाडीत ती नसेल तर नांगर टाकूच नये, कारण मधोमध कुशीला बांधलेला नांगर कयाक धारेला आडवी करतो आणि आडवी झालेली कयाक पालथी व्हायला वेळ लागत नाही. पेडलची कयाक घ्यायला हवी होती असे सुरुवातीला वाटत असे. आता ओहोटीला घोटाभर पाण्यातून चिखलावरून सरकत बाहेर पडताना, खाली पंखे नाहीत याचे बरे वाटते.

आता डबा. साधारण पंधरा लिटरचा, झाकणाला छोटी खिडकी, बाहेरच्या कडेला अडकवलेला चार्जिंगचा पंप, त्यातून आत जाणारी नळी आणि नळीच्या टोकाला बुडबुडे सोडणारा दगड, एवढाच तो प्रकार आहे. किंमत मात्र अशी की तेवढ्या पैशात दोन बरे रील आले असते. ती मोजली याचे कारण सरळ आहे: आपल्या खाड्यांत जिताडा आणि तांबोशी जिवंत कोळंबीला जशी येतात तशी मेलेल्या कोळंबीला येत नाहीत. मेलेली कोळंबी खाली सोडली की पहिल्यांदा चिंबोऱ्या येतात आणि त्यांच्यामागून शिंगाळे, ज्यांचा विषारी काटा हाताला लागला तर उरलेला दिवस हात धरून बसावे लागते. आमच्याकडे जिवंत कोळंबी नगावर मिळते, आणि तीच मेली की कालवणाच्या भावाची होते. डब्यातली कोळंबी तासाभरात आडवी पडली तर नुकसान किती, हा हिशोब मी दर वेळी मनात करतो.

कोळंबी मरते ती बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडून. पाणी जितके गरम आणि जितके खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तर समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास मावतो. फाल्गुनात सकाळी दहानंतर काळ्या डब्यातले पाणी तीस अंशांवर सहज जाते. त्यात पन्नासेक कोळंब्या श्वास घेत असतात आणि त्यांनी मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडलेला अमोनिया साठत असतो. बर्फ थेट टाकायचा नाही, कारण वितळलेले गोडे आणि क्लोरीनचे पाणी कोळंबीला सोसत नाही. पाण्याची बाटली गोठवून तीच डब्यात ठेवावी, हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि चांगला चालतो. परंतु थंड पाण्यालाही हवा लागतेच, म्हणून सगळा खेळ शेवटी पंपाशी येऊन थांबतो.

तो पंप कधी दगा देतो हे एका दिवसावरून सांगतो, म्हणजे पुढची चिडचिड अकारण वाटणार नाही. दिवस फाल्गुन वद्य एकादशीचा होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते हा कोकणातला जुना हिशोब. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे खाडीच्या तोंडाशी सकाळी सव्वाआठला भरती पूर्ण, आणि आत शिरावे तसतशी ती थोडी मागे पडत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओढ कयाकला झेपत नाही, अष्टमीच्या भांगाला पाणी इतके मंद असते की मासा हलत नाही; दशमी-एकादशी मला मधली म्हणून आवडते. घरी त्या दिवशी मासे शिजत नाहीत, पण फ्रिजला एकादशी नसते.

दिघी-आगरदांड्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाकडे, जंगल जेटीची (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची) ये-जा आणि बार्ज असल्यामुळे मी तिकडे जात नाही. आत मांदाडच्या अंगाला, जिथे वर डोंगरात कुड्याची २६ लेणी आहेत, तिकडून कयाक सोडतो. तिथे खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधात एक उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, आहे. तिच्या फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली गेले की आपोआप उघडतात. मग आतल्या शेततळ्यांचे पाणी, त्याबरोबर कोळंबी आणि बोईटाची पिल्ले, एका तोंडाने खाडीत येतात. जिताडा त्या तोंडापासून हातभर बाजूला, जिथे धार मोडते तिथे, उभा असतो. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखे हलत नाही: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत जाते, आणि त्या दिवशी ते तास साडेदहा ते साडेबारा होते. आमिष जिवंत हवे ते या दोन तासांसाठी. आधी आणि नंतर ते जिवंत असले-नसले तरी माझे फारसे बिघडत नाही.

दहाच्या सुमारास पंपाची घरघर जाड झाली आणि मग नुसतीच थरथर उरली. दगडातून बुडबुडे येईनात. कोळंबी कशी जाते ते झाकणाच्या खिडकीतून नीट दिसते: पोटाखालची पायांची झालर आधी घाईने हलू लागते, मग कोळंब्या पाण्याच्या वरच्या थराला गोळा होतात, मग एखादी कुशीवर पडते आणि तिचे काचेसारखे पारदर्शक अंग शेपटीकडून दुधाळ होत वर येते. एकदा दुधाळपणा पाठीच्या मध्यापर्यंत आला की ती परत येत नाही. मी मगाने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, एका हाताने वल्हे धरून कयाक जागेवर ठेवत राहिलो, आणि या दोन कामांत गळ टाकायला तिसरा हात उरला नाही. धडधाकट दिसणारी एक कोळंबी तेवढी लावता आली. डोक्यावरच्या काट्याच्या बुडाशी, आत दिसणाऱ्या गडद ठिपक्याच्या पुढून गळ आडवा काढायचा, म्हणजे ती जिवंत राहते आणि मागे सरत पोहते. तिला एक बरासा करकरा आला. त्यानंतर मेलेल्या कोळंबीला शिंगाळा, आणि पुन्हा शिंगाळाच.

या टप्प्यावर माझे मत असे होते की हा पंप भंगारात टाकावा आणि हा डबा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. हा मजकूर लिहायला घेतला तेव्हाही तेच मत होते, आणि वरचे काही परिच्छेद त्याच तिरमिरीत लिहिलेले आहेत. ते बदलत नाही, पण त्यानंतर दोन गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट त्याच दिवशी, उघाडीच्या पलीकडच्या चिखलात निवट्या (चिखलावर राहणारे छोटे मासे) पकडणाऱ्या एका मावशींकडून समजली. मी दहा-बारा निवट्या विकत मागितल्या, त्यांनी भाव सांगितला, मी घासाघीस केली नाही, आणि पैसे घेताना माझा डबा पाहून त्या म्हणाल्या, “पान्यान नको बुरवू, वल्या गोनपाटान ठेव.” अंग ओले असेपर्यंत निवटी कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतलाच प्राणवायू घेते, म्हणून ओहोटीला ती चिखलावर उड्या मारत हिंडू शकते. गोणपाटाचा तुकडा खाडीत बुचकळला, त्यात निवट्या गुंडाळल्या आणि ते बोचके सावलीत पायाशी ठेवले. पंप नाही, बॅटरी नाही, चार्जिंग नाही. वरच्या ओठातून सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) घालून निवटी धारेच्या कडेला सोडली. बाराच्या पुढे दोर आधी सैल पडला आणि मग एका दिशेने चालू लागला. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो, मासा वळू द्यायचा आणि रील फिरवत दोर ताठ करायचा, एवढे पथ्य पाळले तर गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. दोनेक किलोचा जिताडा होता. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, त्यामुळे लीडर, म्हणजे गळाजवळचा दोर, जाड हवा आणि बोट तिकडे जाता कामा नये. या आकाराचा जिताडा बहुधा नर असतो. जिताडे काही वर्षे नर राहून पुढे मादी होतात, म्हणून फार मोठा आला तर मी सोडून देतो, ज्यावरून घरात मतभेद आहेत.

दुसरी गोष्ट पंप उघडल्यावर समजली. स्क्रू काढले तर आत मोटार होती, तिने हलणारा रबरी पडदा होता, हवा एका दिशेने जाऊ देणारे दोन पातळ रबरी पापुद्रे होते, आणि या सगळ्यावर मिठाचा पांढरा थर होता. पाणी वरून शिंतोड्यांनी गेलेले नव्हते. ते नळीतून उलट आले होते. पंप डब्याच्या कडेला पाण्याच्या पातळीखाली लटकतो, त्यामुळे तो थांबला की डब्यातले पाणी नळीतून वर चढून पंपाकडे उतरते. पापुद्र्यांनी ते अडवावे अशी अपेक्षा असणार, पण त्यांत मिठाचा एक कण अडकला की ते नीट मिटत नाहीत. त्यातच बॅटरी वाचवण्यासाठी ‘थांबत-थांबत चालणारी’ अशी एक सोय दिली आहे आणि पुस्तिकेत तिची शिफारस केली आहे. म्हणजे पंप दर मिनिटाला थांबतो आणि दर मिनिटाला खारे पाणी थोडे-थोडे पीत राहतो. ज्या सोयीचे जास्त पैसे घेतले, तीच सोय पंपाला मारते.

यावरचा उपाय माशांच्या टाक्या विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो. नळीत बसवायची प्लास्टिकची एकमार्गी झडप, करंगळीच्या टोकाएवढी, किंमत वीस रुपये. तिच्यावर बाण असतो, तो डब्याकडे करून नळी मध्येच कापून बसवायची. उघाडीच्या लाकडी फळ्या जे काम पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत, तेच काम ही झडप करते. एवढ्या महाग डब्यात ती नसावी, हे मला अजूनही पचलेले नाही. मोटार सुकवून, पापुद्रे कोमट गोड्या पाण्याने धुऊन, झडप बसवून पंप पुन्हा सुरू केला तेव्हापासून तो बिनतक्रार चालतो आहे. मोटार मजबूत आहे आणि एका चार्जिंगवर ती पूर्ण ओहोटी काढते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. म्हणजे पंपाबद्दलचे माझे मत बदलले, कंपनीबद्दलचे नाही.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात असा. आधी खरेदीची पावती मागितली, ती दिली. मग खोके उघडतानाचा व्हिडिओ मागितला. काही महिने वापरलेल्या वस्तूसाठी तो कशाला, या प्रश्नाला उत्तर आले नाही. मग आत ओलावा आढळल्यामुळे हमी रद्द झाल्याचे कळवण्यात आले, आणि पाण्याच्या डब्यावर बसणाऱ्या पंपात ओलावा आढळू नये ही अट पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे असे विचारल्यावर खाऱ्या पाण्याचे ते वाक्य आले. झडपेची गोष्ट मी चित्र काढून, बाण दाखवून पाठवली. तिच्यावर ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार’ एवढेच आले आणि सोबत नवा पंप घेतल्यास दहा टक्के सवलतीचे कूपन.

सध्या मी दोन्ही नेतो: डब्यात कोळंबी, पायाशी गोणपाट. पंप सतत चालू ठेवतो आणि घरी आल्यावर नळीसकट गोड्या पाण्यावर पाच मिनिटे चालवतो. करकऱ्याला आणि तांबोशीला कोळंबीच बरी पडते, असे आतापर्यंत दिसले आहे. डबा घ्यावा का असे कोणी विचारले तर निम्म्या किमतीत मिळाला तरच घ्यावा, अन्यथा झाकणाची साधी बादली आणि टाकीवाल्यांकडचा बॅटरीचा पंप पुरतो. कूपनाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. कोणाला हवे असेल तर कळवावे, मात्र झडप ज्याची त्याने आणावी.