पान 112 नंतर पुन्हा 97: नववीतल्या मुलीसाठी आणलेल्या कादंबऱ्या, आठ महिन्यांनंतर

रात्री साडेअकराला लेक स्वयंपाकघरात आली. मी मटकी भिजत घालत होते. तिच्या हातात पुस्तक, बोट पानांत अडकवलेलं. "आई, हे बघ ना, 112 नंतर परत 97 आलंय." हात पुसून पाहिलं, तर सातवा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, दोनदा बांधलेला आणि आठवा नाहीच. 97 ते 112 दोन वेळा, मग एकदम 129. गोष्टीतली बाई तळघराचं दार उघडून खाली उतरते तिथे 112 संपतं. 129 वर ती दवाखान्यात शुद्धीवर येते. मधली सोळा पानं गायब.

मला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. दीड वर्ष पुस्तकाला हात न लावणारी पोरगी सोळा पानांसाठी झोपायला तयार नव्हती.

सहावीपर्यंत तिने हॅरी पॉटर दोनदा वाचून काढलं होतं. सातवीत क्लास लागले, आठवीत मोबाईल आला, वाचन सुटलं. जूनमध्ये नववी सुरू झाली तेव्हा ठरवलं, यंदा सोडवत नाहीत अशा मराठी कादंबऱ्या आणायच्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे तिचं मराठी वाचन हळू चालतं. खालची सगळी मतं हे धरूनच वाचा.

सुरुवातीलाच पैसे चुकीच्या जागी गेले. सवलत दिसली म्हणून फास्टर फेणेची वीसच्या वीस पुस्तकं एकदम घेतली. आम्ही भा. रा. भागवतांवर वाढलो. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचं ते 'ट्टॉक', हे सगळं तिलाही आवडणारच असं मी धरून चालले. तिने दोन पुस्तकं चाळली आणि "हे लहान मुलांचं आहे" म्हणून ठेवून दिली. उरलेली अठरा कपाटात. चौदाव्या वर्षी फाफेला (फास्टर फेणेला) उशीर झालेला असतो, असं ऑगस्टमध्ये मी दोघी-तिघींना ठासून सांगितलंही. ते मत आता बदललंय, खाली येतेच त्यावर.

नवऱ्याच्या आग्रहाखातर विश्वास पाटलांचं 'पानिपत' आलं. साठेक पानांवर तिने सोडलं. माणसं फार, शब्द जड. कादंबरी थोरच आहे, पण वाचन सुटलेल्या मुलाला एवढं जाड पुस्तक हातात देऊ नका.

गाडी सुरू झाली ती भयकथावाल्या नारायण धारपांवर. धारपांची वाक्यं छोटी आणि घरातल्या बोलण्यासारखी असतात, अडखळत वाचणाऱ्यालाही पुढे नेतात. भीती लगेच अंगावर येत नाही. आधी घर, माणसं, त्यांच्या सवयी ओळखीच्या होतात, मग काहीतरी जागचं हललेलं दिसतं. 'लुचाई' तिने चार दिवसांत संपवली. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे कळल्यावर मूळ पुस्तकही हवं म्हणून मागे लागली. त्यानंतर दोन आठवडे पॅसेजमधला दिवा रात्रभर जळत होता. घाबरट मुलांना धारप एवढ्यात देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत.

आता त्या सोळा पानांचं. पुस्तकाचं नाव देत नाही, लेखकाचा त्यात काही दोष नाही. ऑनलाइन स्वस्त मिळालं म्हणून दोन महिने आधीच मागवून ठेवलं होतं, त्यामुळे परत करायची मुदत उलटून गेलेली. विकणाऱ्यांना तीन फोन केले, पाच मेल लिहिल्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी पानांचे फोटो पाठवले, समजावून सांगितलं की पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या एकत्र करून बांधतात, एक घडी दोनदा पडली की दुसरी राहून जाते. उत्तर आलं, पॅकिंगला नुकसान दिसत नाही. शेवटी पन्नास रुपयांचं कूपन देऊ केलं. कूपन घेऊन मी काय करू? मला पानं हवी होती! इकडे लेक रोज संध्याकाळी विचारायची, "आली का पानं?" 129 च्या पुढे वाचायला तिने साफ नकार दिला होता.

नवव्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनजवळच्या जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या काकांनी मागच्या रॅकवरून जुनी आवृत्ती काढून दिली. टाइप वेगळा, पानांचे आकडे वेगळे. लेक ओळींवरून बोट फिरवत तळघराचं दार शोधत बसली. ते 138 वर सापडलं. सभासद नसल्यामुळे पुस्तक घरी नेता येत नव्हतं, म्हणून ती तिथेच बाकावर वाचायला लागली. वाचनालय आठला बंद होतं. सव्वाआठला मी तिला उठवायला गेले, तर काका म्हणाले, "असू द्या ताई, वाचू द्या तिला. माझं रजिस्टर लिहायचं राहिलंय."

डिपॉझिट मी त्याच संध्याकाळी भरलं. नव्या एका पुस्तकाच्या पैशांत तिथे दोन महिन्यांची वर्गणी होते, आणि आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतं. मुलांसाठी हीच खरी सोय आहे. नावडतं पुस्तक आईने पैसे दिलेत म्हणून ओढत नेलं की पुढचं उचलायची इच्छाच मरते, हे मी जुलै-ऑगस्टमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

वाचनालयातूनच फेलूदा हा बंगाली गुप्तहेर मिळाला. सत्यजित राय यांच्या या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाने काढल्यात. 'सोनेरी किल्ला'पासून सुरू करा. 'जटायू' नावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू तिथे पहिल्यांदा भेटतात, आणि त्यांच्यामुळे आमच्याकडे वाचताना हसू ऐकू यायला लागलं. शिवाय गोष्ट सांगणारा तोपशे, फेलूदाचा चुलतभाऊ, शाळकरी आहे, त्यामुळे तिला तो आपल्यातलाच वाटला. जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' तिने स्वतः निवडलं. मधली विज्ञानाची पानं संथ वाटली म्हणाली, पण पूर्ण केलं.

आणि फाफे. जानेवारीत ती तापाने चार दिवस पडून होती, मोबाईलने डोकं दुखत होतं. कपाटातून एक पुस्तक मागितलं, मग दुसरं, आणि चार दिवसांत अकरा संपली. "पटकन संपतं गं, बरं वाटतं," म्हणाली. धारपांच्या दोन पुस्तकांमध्ये आता एक फाफे असतोच. एकेक आणला असता तर जूनमध्येच चालला असता; वीसचा गठ्ठा पाहून तिला तो अभ्यास वाटला असणार.

नवं पुस्तक घरात आलं की मी त्याच दिवशी 16, 32, 48 असं करत शेवटपर्यंत पानं तपासते. तुम्हीही तपासा, मुदत संपायच्या आत.

ते सदोष पुस्तक रद्दीत द्यायला काढलं होतं, लेकीने परत कपाटात ठेवलं. 112 च्या खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय: पुढचं वाचनालयात, मागच्या रॅकवर, पान 138 पासून.