कुत्रीची पिल्लं घ्यावीत, नसबंदी करावी की तशीच ठेवावी?

घरची कुत्री एक-दोनदा माजावर येऊन गेली की हा प्रश्न उभा राहतो. कुणी सांगतं, एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर पुढे गर्भाशयाचे आजार लागतात. कुणी म्हणतं, वेळ घालवू नका, ऑपरेशन करून टाका. खरं तर वाटा तीन आहेत: पिल्लं घेणं, नसबंदी करणं, किंवा दोन्ही न करता तिला तशीच ठेवणं. या तिसऱ्या वाटेबद्दल फारसं बोललं जात नाही, पण काहीच न ठरवणारी सगळी घरं त्याच वाटेवर असतात.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक घरच्या कुत्र्यांसाठी नसबंदी योग्य, फक्त ती योग्य वयात व्हावी. पिल्लं घेणं मोजक्या कुत्र्यांच्या बाबतीतच बरोबर ठरतं. तुमची कुत्री त्यांतली आहे का, हे तपासून कळतं. तिच्यावरच्या प्रेमावरून ते ठरत नाही.

‘एकदा तरी आई होऊ दे’

हे आधी बाजूला काढू, कारण पुढची सगळी तुलना यामुळे बिघडते. एकदा व्याल्याने कुत्रीची तब्येत सुधारते, याला आधार नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, हा दर माजानंतर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनशी जोडलेला आहे. गर्भ राहो न राहो, कुत्रीच्या शरीरात हे संप्रेरक माजानंतर साधारण दोन महिने चढलेलं राहतं. एकदा पिल्लं झाली तरी पुढचे माज येतच राहतात आणि धोकाही तसाच राहतो.

याच संप्रेरकांच्या चढउतारामुळे काही कुत्र्या माजानंतर सहा-आठ आठवड्यांनी खोट्या गर्भारपणात जातात. आचळांत दूध येतं, कोपऱ्यात जागा उकरतात, खेळणी गोळा करून त्यांची राखण करतात. ते पाहून पोटात कालवतं आणि ‘हिला पिल्लं हवी आहेत’ असं वाटतं. पण आपल्याला दिसत असतो तो संप्रेरकांचा परिणाम, आणि बहुतेक वेळा तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पिल्लं झाल्यावर कुत्री शांत होते, हेही तसंच. ती शांत होते वयाने आणि शिकवण्याने.

तिच्या शरीराचा हिशोब

तशीच ठेवलेल्या कुत्रीचा सगळ्यात मोठा धोका पायोमेट्राचा. स्वीडनमधल्या विमा-नोंदींच्या अभ्यासात नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला वयाच्या 10 वर्षांपर्यंत हा आजार झाल्याचं दिसलं. माजानंतर काही आठवड्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, खाणं टाकलं, उलट्या झाल्या, मलूल पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पू बाहेर येताना दिसेलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर तो आतच साठतो, आणि तो प्रकार अधिक घातक. अशा वेळी बहुतेकदा गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन करावंच लागतं, फक्त ते म्हाताऱ्या, आजारी, ताप असलेल्या कुत्रीवर. तरुण आणि ठणठणीत असताना केलेल्या त्याच ऑपरेशनशी याची बरोबरी होत नाही.

दुसरा धोका आचळांच्या गाठींचा. 1969 सालच्या एका जुन्या अभ्यासात नसबंदी न झालेल्या कुत्रीचा धोका 100 टक्के धरला, तर पहिल्या माजाआधी नसबंदी झाल्यास तो 0.5 टक्के, एका माजानंतर 8 टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर 26 टक्के असे आकडे आले होते. ते आजही सगळीकडे सांगितले जातात. पुढे झालेल्या आढाव्यांनी या पुराव्याला कच्चा म्हटलं आहे. म्हणून मी या आकड्यांना कौल म्हणून धरत नाही. लवकर नसबंदीने धोका कमी होतो, इतकीच दिशा त्यातून घ्यावी.

आता नसबंदीची किंमत. ती लपवून कुणाला पटवू नये. काही कुत्र्यांना पुढे झोपेत लघवी सुटण्याचा त्रास होतो, मोठ्या अंगाच्यांत जास्त. त्याला औषध आहे, पण ते अनेकदा कायमचं लागतं. शरीराची ऊर्जेची गरज घटते, म्हणून ऑपरेशननंतर खाणं मोजून कमी केलं नाही तर वजन चढतं. आणि मोठ्या जातींत घाई महाग पडते. गोल्डन रिट्रीव्हरवरच्या 2013 सालच्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हाडांची वाढ पुरी होण्यात या संप्रेरकांचा हात असतो. म्हणून लहान जातीची कुत्री असेल तर पहिल्या माजाच्या आसपास, आणि मोठ्या जातीची असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर, असं वय डॉक्टरांशी बोलून ठरवावं. माज चालू असताना ऑपरेशन टाळतात, कारण तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबलेलं बरं.

पिल्लं घ्यायची तर गर्भारपण साधारण 63 दिवसांचं. बऱ्याच कुत्र्या सुखरूप वितात. पण जातीप्रमाणे चित्र फार बदलतं. चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियरच्या 80 टक्क्यांहून जास्त विणी सिझेरियननेच झाल्याचं आढळलं. अशा जातीची कुत्री घरी असेल तर ‘नैसर्गिकपणे होईल’ हा शब्द तिच्यासाठी नाहीच.

विण्याच्या रात्री काय पाहायचं, हे मेटिंगच्या आधी माहीत हवं. विण्याच्या आधीच्या दिवसभरात तिचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतं. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू आलं नाही, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, किंवा आत पिल्लं असताना दोन तास काहीच झालं नाही, तर वाट पाहायची नाही. हे रात्री तीन वाजताही घडतं. तुमच्या आवाक्यात रात्री सिझेरियन करणारा डॉक्टर आहे का? नसेल तर माझ्या मते विषय तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट, कारण ती मायेपोटी केली जाते. कुत्री गाभण आहे कळताच लोक कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. त्याने शरीराची हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर दुधाचा भार आला की रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. धाप, थरथर, ताठरलेले पाय, झटके अशी लक्षणं दिसतात. लहान जातीच्या, पुष्कळ पिल्लं पाजणाऱ्या आईत पहिल्या तीन-चार आठवड्यांत हा धोका जास्त असतो. तातडीने उपचार झाले नाहीत तर ती जाते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कॅल्शियम देऊ नका, पिल्लांसाठीचं चांगलं पूर्ण खाणं पुरतं.

पिल्लांची बाजू

तुलनेत आईचं शरीर येतं, आपला वेळ येतो, पैसे येतात, आणि ज्यांचं आयुष्य यातून सुरू होणार ती पिल्लं मात्र बाहेर राहतात.

‘हिच्यासारखंच एक हवं’ ही इच्छा मला सगळ्यात जास्त भेटते आणि समजतेही. पण पिल्लाचा निम्मा वारसा नराचा. आणि स्वभावाचा मोठा भाग वयाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात घडतो: माणसं, आवाज, हाताळणी, इतर प्राणी यांची ओळख कशी होते त्यावर. आपल्या कुत्रीचा गोडवा तिच्या रक्तात जितका आहे तितकाच तुम्ही तिला वाढवण्यात आहे. तुम्हाला खरोखर हवं असेल ते दुसरं कुत्रं, तर दुसरं कुत्रं आणा. तिला त्यासाठी गाभण राहावं लागत नाही.

आजारही वारशाने येतात. वरून धडधाकट दिसणारी मादी एखाद्या दोषाची वाहक असू शकते. नरही त्याच दोषाचा वाहक निघाला तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून जातीनुसार कंबरेचा आणि कोपराचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, हृदयाची तपासणी, गुडघ्याची वाटी, जनुकीय चाचण्या या गोष्टी मेटिंगच्या आधी होतात. कंबरेचा एक्स-रे वाढ पूर्ण झाल्यावरच भरवशाचा. त्यामुळे पहिल्या किंवा दुसऱ्या माजाला पिल्लं घेण्याची गडबड इथेच चुकते. धुरकट ठिपक्यांच्या मर्ल रंगाची दोघं एकत्र आणली तर सरासरी एक चतुर्थांश पिल्लांना दोन्हीकडून तो जनुक मिळतो आणि त्यांतली बरीच बहिरी किंवा अधू दृष्टीची जन्मतात. नराची ब्रुसेलाची चाचणीही हवी, कारण ती लागण गर्भ पाडते आणि माणसालाही होऊ शकते.

वेळेचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे आई बरंच सांभाळते, पण पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून खोलीची ऊब आणि रोजचं वजन तुमच्याकडे. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध प्रत्येकाच्या पोटात गेलं ना, हे पाहायचं. आई आजारी पडली किंवा दूध कमी पडलं की दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचं. तिसऱ्या आठवड्यानंतर धावपळ तुमचीच. दुसऱ्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने जंताचं औषध, मग लसी, आणि आठ आठवड्यांआधी एकही पिल्लू घरातून बाहेर नाही. लहान जातीत दोन-तीन पिल्लं असतील, मोठ्या जातीत आठ-दहा. आठ पिल्लांना वेगवेगळं घेऊन जगाची ओळख करून देणं हे पूर्णवेळ काम आहे. एखादं पिल्लू हातात मरतं, ही तयारीही ठेवावी लागते.

मग घरं. मेटिंगआधी ‘आम्हाला एक द्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांतले अनेक अडचणी सांगू लागतात. मी विचारते तो प्रश्न वेगळाच: तुम्ही दिलेलं पिल्लू तीन वर्षांनी, मोठं कुत्रं होऊन, मालकाला नको झालं, तर तुम्ही ते परत घ्याल का? सगळ्या पिल्लांसाठी याचं उत्तर ‘हो’ असेल, तरच पुढे बोलू.

पैशाबद्दल थोडंच. यातून चार पैसे सुटतील ही अपेक्षा असेल तर चाचण्या, नराचा मोबदला, आईचं दुप्पट-तिप्पट खाणं, पिल्लांचा दवाखाना हे सगळं लिहून काढा आणि त्यात एक तातडीचं सिझेरियन धरा. तिच्या पोटावर व्यवहार उभा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग कुणी काय करावं

कुत्री दोन वर्षं पूर्ण झालेली, पण पहिल्या विणीसाठी पाच-सहाच्या पुढे न गेलेली. तपासण्या स्वच्छ. स्वभाव अनोळखी माणसांतही स्थिर. जातीची जाण असलेली अनुभवी व्यक्ती पाठीशी. दोन महिने घरी राहू शकणारं माणूस. हे सगळं असेल तर पिल्लं घेण्याला माझी हरकत नाही. यातलं एक जरी कमी असेल तर नसबंदी. भित्री किंवा चावरी कुत्री असेल तर बाकी सगळं असूनही नाही, कारण भित्रेपणा पिल्लांत उतरतो, रक्तातून आणि आईच्या वागण्यातूनही.

तशीच ठेवायची असेल, वैद्यकीय कारणाने किंवा मोठ्या जातीची वाढ होईपर्यंत, तर शिस्त लागते. बहुतेकींना वर्षात साधारण दोनदा माज, प्रत्येक सुमारे तीन आठवड्यांचा. फसगत होते ती दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. रक्तस्राव फिकट होतो, लोकांना वाटतं संपलं, आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. तेव्हा अंगणातही साखळीशिवाय सोडायचं नाही. कुत्रीचा माज वयाबरोबर बंद होत नाही, म्हणून ही राखण आणि पायोमेट्रावरची नजर शेवटपर्यंत.

नजर चुकून मेटिंग झालंच तर दोघांना ओढून वेगळं करू नका, दोघांनाही इजा होते. सुटल्यावर लगेच डॉक्टरांना फोन करा. एकाच माजात दोन नरांची पिल्लं राहू शकतात, म्हणून ‘आता झालंच आहे’ म्हणून तिला मोकळी सोडू नका. पिल्लं कधीच नको असतील तर लवकर नसबंदी हा सरळ उपाय. नाहीतर गर्भ थांबवणारी अ‍ॅग्लेप्रिस्टोनची इंजेक्शनं, जिथे मिळतात तिथे, मेटिंगनंतर 45 दिवसांपर्यंत देता येतात. इस्ट्रोजेनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नकार द्या, त्याने अस्थिमज्जेला अपाय होतो आणि पायोमेट्राचा धोका वाढतो. गर्भ राहिला का, हे सोनोग्राफीत साधारण चौथ्या आठवड्यात कळतं.