स्मेल्टसाठी घेतलेले निओप्रीन वेडर्स, सीझन आणि वर उन्हाळा वापरून झाल्यावर

मार्चमध्ये छातीपर्यंत येणारे ५ मिमी निओप्रीनचे (फोमसारखं जाड रबर) वेडर्स घेतले, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायची वॉटरप्रूफ पँट, बूट खालीच जोडलेले असतात ते. कारण एकच, अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथला, लेक सुपीरिअर या प्रचंड तळ्यावर स्मेल्ट मासळी धरायची होती. आता परत थंडी पडायला लागली म्हणून लिहायला बसलो, कारण बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचून काही कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेनबो स्मेल्ट हा वीतभर चंदेरी मासा, ताजा असला की चक्क काकडीसारखा वास येतो. मूळचा इथला नाही, १९१२ मध्ये मिशिगनच्या क्रिस्टल लेकमध्ये सोडला आणि तिथून पसरत पसरत सुपीरिअरपर्यंत आला. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पाणी ४-५ अंशाच्या आसपास गेलं की रात्री अंडी घालायला काठाशी आणि नद्यांच्या तोंडाशी येतो. साठ-सत्तरच्या दशकात म्हणे बादल्याच्या बादल्या भरायच्या, १९७९ च्या सुमारास एकदम आपटला. लेक ट्राउट परत वाढले, वर सॅमन, दोघंही स्मेल्ट खातात. त्यामुळे आता नशिबाचा भाग आहे, चार तास उभं राहून मूठभर मिळाली असंही होतं.

आम्ही लिफ्ट ब्रिज ओलांडून पार्क पॉइंटच्या वाळूवर जातो (मध्येच जहाज आलं की पूल वर, बसा गाडीत). मिनेसोटात २५ फुटांपर्यंतचं ओढायचं जाळं चालतं. प्रकार आपल्या रापणीचाच, फक्त होडी नाही, होडीच्या जागी माणूस. एकजण काठाशी काठी धरून उभा, दुसरा छातीभर पाण्यात शिरून गोल फिरून येतो, मग दोघं मिळून वाळूवर ओढायचं. तो आत जाणारा म्हणजे मी, म्हणून वेडर्सवर पैसे घातले आणि जाळं स्वस्तातलं घेतलं, आणि हा हिशोब बरोबरच ठरला. जाळ्यात बघायचं एवढंच की खालच्या दोरीला शिसं भरपूर पाहिजे, ती वाळूवरून उचलली गेली की मासे खालून पसार.

थंडीचं म्हणाल तर पैसे वसूल. आत थर्मल आणि लोकरीचे मोजे घालून दोन-अडीच तास आरामात निघतात, बोटं गारठतात ती हाताची, कारण ओलं जाळं ग्लोव्हज घालून नीट सोडवता येत नाही. बूट जोडलेलेच घ्या, वेगळे बूट घालायचे असतात त्या प्रकारात वाळू शिरते आणि रात्री एक वाजता गोठलेल्या नाड्या सोडवण्यात काही मजा नाही. कमरेचा पट्टा सोबत येतो तो शोभेचा नाही, पडलात तर पाणी पायात भरत नाही, घट्ट आवळा. आणि ईशान्येचा वारा असेल तर घरीच बसा, लाटा पण येतात आणि उरलासुरला बर्फ पण डुलुथच्या टोकाला येऊन साचतो.

आता तक्रारी. गुडघ्यांच्या मधली शिवण जूनमध्ये झिरपायला लागली, चालताना तिथेच घासतं. निओप्रीनचा गोंद आतून-बाहेरून लावला, एक दिवस वाळवला, अजून टिकलाय. उन्हाळ्यात मात्र हे वेडर्स निरुपयोगी, जुलैमध्ये मित्राच्या केबिनवर पाणगवत काढायला घातले आणि घामानेच आतून भिजलो. ऑक्टोबरमध्ये त्याचा डॉक (होडी लावायचा लाकडी धक्का) पाण्यातून बाहेर काढताना परत मस्त चालले. वापरून झाल्यावर उलटे करून आतूनही वाळवा, नाहीतर वास गाडीतून जात नाही, शिवाय दुसऱ्या तळ्यात ओले घालून गेलात तर नको ते जीव सोबत नेता.

खाण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून. कात्रीने डोकं आणि पोट काढायचं, काटा ठेवायचा, हळद-तिखट-मीठ-आगळ लावून रव्यात घोळवून तळायचं, शेपटीपर्यंत कुरकुरीत होते. पण २०२१ पासून सुपीरिअरच्या स्मेल्टसाठी पीफास (PFAS, लवकर न विघटणारी, शरीरात साठणारी) केमिकलमुळे महिन्यातून एकदाच खा असा सरकारी सल्ला आहे, त्यामुळे फ्रीझर भरून ठेवायचा विचार असेल तर सोडा. आमच्याकडे दोन ताटं निघतात, उरलेली शेजारी.

साइज घेताना बुटाचा नंबर एक मोठा घ्या, जाड मोजे आत जायला हवेत, आणि दुकानात घालून उकिडवं बसून बघा, मांडीत ताण आला तर तीच शिवण आधी जाणार.