ओपनफोम आठ महिने वापरल्यावर: माझा सगळा राग ‘अपविंड’वर

माझं काम बंद इलेक्ट्रिकल पॅनेलचं. आत ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा), कॉन्टॅक्टर (मोठा विजेचा स्विच), एसएमपीएस (डीसी वीज देणारा पॉवर सप्लाय). धूळ नको म्हणून फॅन नाही. आतली हवा तापून वर जाते, पत्र्याला लागून निवते आणि खाली येते. हे गणित करायला ओपनफोम, म्हणजे हवेचा प्रवाह आणि उष्णता संगणकावर सोडवणारं फुकट सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं. खर्च फक्त जुन्या मशीनमध्ये टाकलेल्या 32 जीबी रॅमचा. विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन मला परवडणारं नाही, त्यामुळे पहिले दोन महिने भेटेल त्याला याचं कौतुक सांगत होतो.

मग गिऱ्हाइकाचा फोन आला: दुपारी एसएमपीएस बंद पडतोय. माझ्या हिशेबात तिथली हवा 58 अंश. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावला तर 67!

तीन रात्री मी बूसिनेस्कच्या गृहीतकाला (घनतेचा बदल फक्त हवा वर उचलण्यापुरता धरायचा) दोष देत होतो. घनता आदर्श वायूच्या नियमाने घेतली, जेमतेम एका अंशाचा फरक पडला. रेडिएशन आधीपासून धरलेलं होतं. रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) सुरेख खाली गेलेले, चित्रंही सुरेख. दोष निघाला एफव्हीस्कीम्स फाइलीत, जिथे गणिताच्या पद्धती म्हणजे स्कीम लिहितात. मित्राच्या जुन्या केसमधून (एका गणिताच्या फाइलींच्या संचातून) ती जशीच्या तशी उचलली होती आणि तापमानाच्या ओळीत लिहिलं होतं ‘अपविंड’.

ही पहिल्या ऑर्डरची, म्हणजे कमी अचूक स्कीम: हवा ज्या बाजूने येते तिथलंच तापमान पुढे धरते. केस उडत नाही (आकडे भरकटत नाहीत), पण प्रवाह मेशला, म्हणजे हवेचे जे छोटे तुकडे (सेल) पाडतो त्या जाळीला, तिरपा गेला की स्वतःचं खोटं डिफ्यूजन (उष्णतेचं पसरणं) घालते. ढोबळ हिशेब करा: वेग 0.3 मीटर प्रति सेकंद, सेल 5 मिलिमीटर. वेग गुणिले सेल भागिले दोन म्हणजे 0.00075. हवेची स्वतःची उष्णता-विसरणता साधारण 0.000022. म्हणजे चौतीस पट! ड्राइव्हवरून उठणारा गरम झोत झाकणाखाली वळतो तिथेच तो पसरून निवलेला दिसत होता. रेसिड्युअल खाली गेले म्हणजे समीकरण सुटलं खरं, पण ते माझ्या हवेचं नव्हतं.

त्याऐवजी दुसऱ्या ऑर्डरचं, जास्त अचूक ‘लिनिअर अपविंड’ लावलं आणि वरची मेश बारीक केली, तेव्हा 65 आले. तरी खात्री हवी म्हणून डी व्हाल डेव्हिसची 1983 सालची चौकोनी पोकळी (उत्तर आधीच माहीत असलेलं तपासणीचं गणित) सोडवली. रॅले आकडा (गरम हवा वर उठण्याचा जोर) 10⁶ असताना नुसेल्ट आकडा (हवेच्या हालचालीने उष्णता किती पट जास्त जाते) 8.8 यायला हवा, मला 8.84 मिळाला. त्या रात्री खरोखर आनंद झाला. ओपनफोमच्या आत सिम्पलच चालतं, वेग आणि दाब जुळवण्याची पद्धत, 1972 साली स्पॉल्डिंगबरोबर पुण्याच्या सुहास पाटणकरांनी मांडलेलं. ते पुण्यातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, याचा मला अभिमान वाटतो.

अपविंडवरचं मत मात्र थोडं बदललंय. पहिली दोनशे इटरेशन्स (गणिताच्या फेऱ्या) अजून त्याच्यावरच काढतो, नाहीतर केस डायव्हर्ज होते, म्हणजे उडते. मग ओळ बदलतो. ही बदलायची ओळ आता कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली आहे.

एसएमपीएस ड्राइव्हच्या बाजूला, खाली घेतला. पूर्ण मे महिना तो बंद पडला नाही. नव्या मेशला दोन तासांऐवजी अकरा तास लागतात; रात्री जेवून रन लावतो आणि सकाळी चहा घेताना आकडे बघतो.