संघातला छळ: चौकशी शाळेची की पोलिसांची?

अमेरिकेतल्या हायस्कूल संघांत नव्या खेळाडूचा ‘परंपरा’ म्हणून छळ झाला, की पालकांपुढे दोन वाटा असतात: शाळेची चौकशी किंवा पोलीस.

शाळेने मनात आणलं तर ती झटपट हलू शकते. मुलांना त्याच दिवशी वेगळं करता येतं, प्रशिक्षकाला बाजूला ठेवता येतं. पण जबाब घेणारा बहुधा त्या प्रशिक्षकाचाच सहकारी, आणि शुक्रवारी सामना! कपडे बदलायच्या खोलीत कुणी मोठं माणूस का नव्हतं, हा अडचणीचा प्रश्न मग मागे पडतो.

पोलीस तपास रेंगाळतो. आरोपी अल्पवयीन असले तर बरंचसं बंद दाराआड चालतं, आणि गावाचा रोष अनेकदा तक्रार करणाऱ्या मुलावरच निघतो. तरी पुरावे एकट्या शाळेच्या हातात राहत नाहीत, हे मोठंच. न्यू जर्सीतल्या सेअरव्हिलमध्ये २०१४ साली पोलिसांनी सात खेळाडूंवर आरोप ठेवले, तर शाळा प्रशासनाने फुटबॉलचा उरलेला हंगाम रद्द केला. दोन्ही बाजू एकाच वेळी हलल्या. असं क्वचित घडतं.

छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा मदतीला येतो. १९९९ च्या डेव्हिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की विद्यार्थ्याकडून होणारा गंभीर छळ माहीत असूनही शाळेने जाणूनबुजून काणाडोळा केला, तर तिच्याकडून नुकसानभरपाई मागता येते. सगळी मेख ‘माहीत असूनही’मध्ये आहे: शाळेला कळवलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. पुरावे एकट्या शाळेच्या हातात राहू नयेत, म्हणून माझा कौल आधी पोलिसांना. पण शाळेलाही त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी, तोंडी नव्हे.